रेडॉक्स अभिक्रियेत संयुगाचा सममूल्यभार कसा काढतात?

पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीवर त्याचा रेणुभार छापलेला असतो : १५८. सममूल्यभार छापायचा म्हटला, तर मात्र एक आकडा पुरत नाही. आम्लधर्मी द्रावणात तो ३१.६ येतो, उदासीन द्रावणात ५२.७ आणि तीव्र अल्कधर्मी द्रावणात १५८. बाटली तीच, जांभळे स्फटिकही तेच. बारावीच्या अनेक विद्यार्थ्यांना इथेच ठेच लागते. आम्लाचा सममूल्यभार काढताना हायड्रोजन मोजायचे, हे एव्हाना पाठ झालेले असते. परमँगनेटमध्ये तर हायड्रोजनच नाही. मग मोजायचे काय?

मोजायचे इलेक्ट्रॉन. रेडॉक्स अभिक्रियेत संयुगाचा एक रेणू किती इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, त्या संख्येने रेणुभाराला भागले की सममूल्यभार मिळतो. सूत्र एवढेच आहे :

सममूल्यभार = रेणुभार ÷ एका रेणूमागे दिलेले किंवा घेतलेले इलेक्ट्रॉन

अवघड असते ते ही संख्या बिनचूक ठरवणे. ती चुकली तर परीक्षेतले गुण जातात. तीच चूक सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली, तर घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरू शकते. ते कसे, हे लेखाच्या शेवटच्या भागात आकड्यांसह दिले आहे.

इलेक्ट्रॉनच्या आधीची कल्पना

सममूल्यभाराची कल्पना इलेक्ट्रॉनच्या शोधापेक्षा शंभरेक वर्षांनी जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास बेंजामिन रिख्टर यांनी १७९२ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखनात दाखवले, की आम्ले आणि आम्लारी एकमेकांना ठरावीक वजनी प्रमाणातच उदासीन करतात. रासायनिक हिशेबाच्या शास्त्राला 'स्टॉइकिओमेट्री' हे नावही त्यांनीच दिले. पुढे १८१४ मध्ये इंग्लंडमधील विल्यम हाइड वुलस्टन यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या सममूल्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. अणुभार नक्की किती, यावर त्या काळी एकमत नव्हते. पण कोणत्या पदार्थाचे किती वजन दुसऱ्याच्या किती वजनाला पुरते, हे तराजूवर दाखवता येत होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवर काम भागवले.

जुनी व्याख्या तशीच व्यवहारी होती. एखाद्या पदार्थाचे जेवढे वजन १ ग्रॅम हायड्रोजन, ८ ग्रॅम ऑक्सिजन किंवा ३५.५ ग्रॅम क्लोरिन यांच्याशी संयोग पावते किंवा त्यांना विस्थापित करते, तेवढा त्याचा सममूल्यभार.

१८३० च्या दशकात मायकेल फॅरेडे यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले आणि या वजनांमागचा धागा दिसू लागला. जेवढ्या विद्युतभाराने इलेक्ट्रोडवर १०७.९ ग्रॅम चांदी साचते, तेवढ्याच भाराने ३१.८ ग्रॅम तांबे साचते. हा भार सुमारे ९६,५०० कूलोम असतो. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढे या आकड्याचा अर्थ उलगडला : तो एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार आहे. चांदीचा आयन एक इलेक्ट्रॉन घेतो, तांब्याचा दोन घेतो. म्हणून तांब्याचा अणुभार ६३.५ असला, तरी त्याचा सममूल्यभार निम्मा भरतो.

आजची व्याख्या यातूनच येते. पदार्थाचे जे वजन एक मोल इलेक्ट्रॉन देते किंवा घेते, ते त्याचे एक सममूल्य. पाच रुपयांच्या नाण्याची मोड द्यायला एक रुपयाची पाच नाणी लागतात, पण रुपये दोन्हीकडे सारखेच भरतात. तसेच परमँगनेटच्या एका रेणूला लोहाचे पाच आयन लागतात, पण इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखे भरतात. सममूल्यभार म्हणजे त्या पदार्थाच्या 'एक रुपयाचे' वजन.

इलेक्ट्रॉन मोजण्याची रीत

इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजायचे ऑक्सिडीकरण अंकावरून. अंक वाढला तर अणूने इलेक्ट्रॉन दिले, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण झाले. अंक घटला तर अणूने इलेक्ट्रॉन घेतले, म्हणजे त्याचे क्षपण झाले. बहुतेक उदाहरणांना तीन नियम पुरतात : संयुगातल्या ऑक्सिजनचा अंक सहसा उणे २, हायड्रोजनचा सहसा अधिक १, आणि सोडियम-पोटॅशियमचा अधिक १. उदासीन रेणूतल्या सर्व अंकांची बेरीज शून्य येते.

परमँगनेटच्या रेणूत एक पोटॅशियम, एक मँगनीज आणि चार ऑक्सिजन असतात. पोटॅशियमचा अधिक १, चार ऑक्सिजनांचे मिळून उणे ८. बेरीज शून्य यायची, तर मँगनीजचा अंक अधिक ७ असायला हवा.

पुढचे काम चार पायऱ्यांचे आहे.

१. या अभिक्रियेत संयुगाचे शेवटी काय होते, ते लिहा.
२. कोणत्या अणूचा अंक बदलला आणि कितीने, ते पाहा.
३. त्या बदलाला, एका रेणूत असे अणू जितके आहेत त्या संख्येने गुणा.
४. आलेल्या संख्येने रेणुभाराला भागा. स्फटिकात पाणी असेल, तर ते रेणुभारात धरा.

पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. अभिक्रियेनंतर काय तयार होते हे माहीत नसेल, तर पुढचा हिशेब सुरूच होत नाही.

परमँगनेटला तीन सममूल्यभार का?

सल्फ्युरिक आम्लाच्या उपस्थितीत परमँगनेटचे रूपांतर जवळजवळ रंगहीन मँगनस आयनात होते. मँगनीजचा अंक अधिक ७ वरून अधिक २ वर येतो. इलेक्ट्रॉन ५. सममूल्यभार १५८ ÷ ५ = ३१.६.

उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावणात मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका तयार होतो. अंक अधिक ४ वर थांबतो. इलेक्ट्रॉन ३. सममूल्यभार १५८ ÷ ३ = ५२.७.

तीव्र अल्कधर्मी द्रावणात हिरव्या रंगाचे मँगनेट तयार होते. अंक अधिक ६. इलेक्ट्रॉन १. सममूल्यभार १५८.

म्हणून 'परमँगनेटचा सममूल्यभार किती?' हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या माध्यमात, हे सांगितल्यावर तो पूर्ण होतो. गणितात 'आम्लधर्मी माध्यमात' असे शब्द दिसले, तर ते शोभेसाठी नसतात. उत्तर त्यांच्यावरच ठरते.

हा फरक शंकुपात्रात डोळ्यांनी दिसतोही. अनुमापन करताना आम्ल कमी पडले, तर द्रावण स्वच्छ गुलाबी होण्याऐवजी तपकिरी गढूळ होते. त्याचा अर्थ परमँगनेटचे काही रेणू पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेत आहेत. अशा वेळी ब्युरेटवरचा आकडा हिशेबाला धरता येत नाही. पुरेसे सल्फ्युरिक आम्ल घालून प्रयोग पुन्हा करावा लागतो.

आम्ल सल्फ्युरिकच का, याचे उत्तरही इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले, तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडकडूनही इलेक्ट्रॉन घेऊ लागते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडक असल्याने लोहाचे इलेक्ट्रॉन पळवते. सौम्य सल्फ्युरिक आम्ल या देवघेवीत पडत नाही.

एका रेणूत बदलणारे अणू किती?

पोटॅशियम डायक्रोमेटच्या रेणूत दोन पोटॅशियम, दोन क्रोमियम आणि सात ऑक्सिजन असतात. अधिक २ आणि उणे १४ यांचा ताळा जुळवायला दोन क्रोमियमना मिळून अधिक १२ हवेत, म्हणजे प्रत्येकी अधिक ६. आम्लधर्मी द्रावणात त्यांचा अंक अधिक ३ होतो.

इथे घाईत असलेला विद्यार्थी लिहितो : बदल तीनचा, म्हणून २९४.२ ÷ ३. पण बदल तीनचा झाला तो एका क्रोमियमचा. रेणूत क्रोमियम दोन आहेत. एका रेणूने सहा इलेक्ट्रॉन घेतले. सममूल्यभार २९४.२ ÷ ६ = ४९.०३.

कधी एकाच रेणूतले दोन निरनिराळे अणू बदलतात. फेरस ऑक्झॅलेटवर आम्लधर्मी परमँगनेटची क्रिया झाली, की लोहाचा अंक अधिक २ वरून अधिक ३ होतो आणि ऑक्झॅलेटमधल्या दोन्ही कार्बनांचा अधिक ३ वरून अधिक ४. लोहाचा १ आणि कार्बनांचे २, असे एकूण ३ इलेक्ट्रॉन. निर्जल फेरस ऑक्झॅलेटचा रेणुभार सुमारे १४४, म्हणून सममूल्यभार ४८. फेरस सल्फेटमध्ये मात्र फक्त लोह बदलते, सल्फेट जसेच्या तसे राहते. म्हणून सात रेणू पाणी असलेल्या फेरस सल्फेटचा सममूल्यभार त्याच्या रेणुभाराएवढाच, २७८ असतो.

स्फटिकातल्या पाण्याचे काय? ऑक्झॅलिक आम्लाच्या नेहमीच्या स्फटिकात दोन रेणू पाणी असते आणि त्यासह रेणुभार १२६ होतो. हे पाणी इलेक्ट्रॉन देत नाही, घेत नाही. पण तराजूत ते वजन म्हणून बसतेच. म्हणून इलेक्ट्रॉन मोजताना पाणी सोडायचे आणि रेणुभार लिहिताना धरायचे. या स्फटिकांचा सममूल्यभार १२६ ÷ २ = ६३. निर्जल आम्लाचा रेणुभार ९०, त्याचा सममूल्यभार ४५.

काम बदलले की आकडा बदलतो

ऑक्झॅलिक आम्लाच्या बाबतीत एक योगायोग गोंधळ वाढवतो. सोडियम हायड्रॉक्साइडशी क्रिया होताना हे आम्ल दोन हायड्रोजन आयन देते आणि परमँगनेटशी क्रिया होताना दोन इलेक्ट्रॉन. दोन्हीकडे भाजक २ आणि उत्तर ६३. त्यामुळे हायड्रोजन मोजले काय नि इलेक्ट्रॉन मोजले काय, सारखेच, असा समज होतो. त्याच्याच नात्यातले पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेट हा समज मोडते. रेणुभार १२८. आम्ल म्हणून ते एकच हायड्रोजन आयन देते, म्हणून सममूल्यभार १२८. क्षपणक म्हणून दोन इलेक्ट्रॉन देते, म्हणून सममूल्यभार ६४.

रेडॉक्समध्येसुद्धा जोडीदार कोण, यावर आकडा बदलतो. पाच रेणू पाण्यासह सोडियम थायोसल्फेटचा रेणुभार २४८. आयोडिनशी क्रिया होते तेव्हा थायोसल्फेटच्या दोन रेणूंपासून टेट्राथायोनेट बनते आणि दोघे मिळून दोन इलेक्ट्रॉन देतात. एका रेणूमागे एक, म्हणून सममूल्यभार २४८. तेच थायोसल्फेट क्लोरिनसारख्या जबर ऑक्सिडकाच्या तावडीत सापडले, की दोन्ही गंधक थेट सल्फेटपर्यंत पोहोचतात. सरासरी अंक अधिक २ वरून अधिक ६, दोन अणू, एकूण ८ इलेक्ट्रॉन. सममूल्यभार ३१.

सगळेच रेणू बदलत नसतील तर?

सौम्य नायट्रिक आम्लात तांबे विरघळते, तेव्हा तांब्याच्या ३ अणूंमागे आम्लाचे ८ रेणू खर्च होतात. त्यांतल्या फक्त २ रेणूंमधल्या नायट्रोजनचे क्षपण होऊन नायट्रिक ऑक्साइड वायू बनतो. उरलेले ६ रेणू कॉपर नायट्रेट बनवण्यात जातात, त्यांच्या नायट्रोजनचा अंक बदलत नाही.

ऑक्सिडक म्हणून काम केलेल्या रेणूंपुरता विचार केला, तर अंक अधिक ५ वरून अधिक २, इलेक्ट्रॉन ३, सममूल्यभार ६३ ÷ ३ = २१. पण तांबे विरघळवायला एकूण किती आम्ल लागेल, असा प्रश्न असेल, तर ८ रेणूंमागे ६ इलेक्ट्रॉन, म्हणजे रेणूमागे पाऊण इलेक्ट्रॉन धरावा लागतो. मग उत्तर ६३ ÷ ०.७५ = ८४. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. गणित सोडवण्याआधी विचारले काय आहे ते पाहावे लागते.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनात तोच पदार्थ देणारा आणि तोच घेणारा असतो. दोन रेणूंपैकी एक दोन इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिजन होतो, दुसरा ते घेऊन पाणी होतो. देणाऱ्याचा सममूल्यभार ३४ ÷ २ = १७, घेणाऱ्याचाही १७. एक मोल इलेक्ट्रॉनांची देवघेव व्हायला दोन्ही लागतात, म्हणून या विघटनापुरता सममूल्यभार १७ + १७ = ३४.

अनुमापनात याचा उपयोग

एवढी खटपट कशासाठी? तर एका सोप्या नियमासाठी. एका ऑक्सिडकाच्या एका सममूल्याला कोणत्याही क्षपणकाचे नेमके एक सममूल्य पुरते. एक लिटर द्रावणात किती सममूल्ये आहेत, त्या संख्येला नॉर्मलता म्हणतात. दोन द्रावणे एकमेकांना पुरली, की पहिल्याची नॉर्मलता गुणिले आकारमान बरोबर दुसऱ्याची नॉर्मलता गुणिले आकारमान. समीकरण संतुलित करून ५:१ की ५:२ असले प्रमाण लक्षात ठेवावे लागत नाही, कारण ते सममूल्यभारात आधीच मुरलेले असते.

बारावीच्या प्रयोगशाळेतले उदाहरण घ्यावे. फेरस अमोनियम सल्फेटला, म्हणजे मोहर सॉल्टला, एका रेणूमागे एक इलेक्ट्रॉन देता येतो. त्याचा सममूल्यभार ३९२. लिटरला ३९.२ ग्रॅम घेतले की ०.१ नॉर्मल द्रावण झाले. परमँगनेटचे आम्लधर्मी माध्यमासाठी ०.१ नॉर्मल द्रावण करायला लिटरला ३.१६ ग्रॅम लागतात. आता मोहर सॉल्टच्या १० मिलिलिटर द्रावणाला परमँगनेटही १० मिलिलिटरच लागेल.

समजा, कोणी माध्यमाचा विचार न करता भाजक ३ धरला आणि ५.२७ ग्रॅम परमँगनेट घेऊन बाटलीवर '०.१ नॉर्मल' असे लिहिले. आम्लधर्मी माध्यमात हे द्रावण प्रत्यक्षात ०.१६७ नॉर्मल आहे. ब्युरेटमधून १० ऐवजी ६ मिलिलिटरच खर्च होतील. बाटलीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून हिशेब केला, तर नमुन्यातले लोह ४० टक्क्यांनी कमी भरेल. वजन अचूक, ब्युरेट अचूक, हातही अचूक. तरी उत्तर चूक.

सांडपाण्याचा निकाल

कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती सेंद्रिय घाण आहे, हे मोजण्याची एक प्रमुख चाचणी म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, अर्थात सीओडी. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नद्यांसारख्या भूपृष्ठावरील जलस्रोतांत सोडायच्या सांडपाण्याची सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. काही उद्योगांसाठी वेगळी मानकेही आहेत.

ही चाचणी संपूर्णपणे सममूल्यभारावर उभी आहे. नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल आणि मोजून घेतलेले जास्तीचे डायक्रोमेट घालून ते दोन तास उकळतात. सेंद्रिय घाण इलेक्ट्रॉन देते, डायक्रोमेट घेते. उरलेले डायक्रोमेट किती, हे फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करून काढतात. घाणीऐवजी शुद्ध पाणी घेऊन हाच प्रयोग समांतर केला जातो. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँक आणि नमुना यांतल्या फरकावरून घाणीने दिलेले इलेक्ट्रॉन कळतात.

शेवटचे उत्तर मात्र ऑक्सिजनच्या भाषेत सांगायचे असते. ऑक्सिजनच्या एका रेणूचा भार ३२ आणि तो चार इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून सममूल्यभार ८. सीओडीच्या सूत्रात दिसणारा ८००० हा आकडा म्हणजे हाच ८, मिलिग्रॅम आणि लिटर यांचा मेळ घालण्यासाठी हजाराने गुणलेला :

सीओडी = (ब्लँकचे मिलिलिटर − नमुन्याचे मिलिलिटर) × फेरस द्रावणाची नॉर्मलता × ८००० ÷ नमुन्याचे आकारमान

एक नमुना घ्यावा. सांडपाणी २० मिलिलिटर, ०.२५ नॉर्मल डायक्रोमेट १० मिलिलिटर, फेरस द्रावण ०.१ नॉर्मल. ब्लँकला २५ मिलिलिटर लागले, नमुन्याला १३. फरक १२. सीओडी = १२ × ०.१ × ८००० ÷ २० = ४८०. मर्यादा २५० ची. पाणी नापास.

आता तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत. इथे डायक्रोमेटचे ०.२५ नॉर्मल द्रावण करताना एकाच क्रोमियमचा बदल मोजला, म्हणजे सहाऐवजी तीनने भागले. लिटरला १२.२६ ग्रॅमऐवजी २४.५२ ग्रॅम टाकले गेले. बाटलीवर ०.२५ लिहिले आहे, आत ०.५ नॉर्मल द्रावण आहे. फेरस द्रावण हवेने हळूहळू ऑक्सिडीकृत होते, म्हणून त्याची नॉर्मलता डायक्रोमेटवरूनच ठरवतात. दुप्पट तीव्र डायक्रोमेटला २५ ऐवजी ५० मिलिलिटर फेरस द्रावण लागले. बाटलीवरच्या आकड्याने हिशेब केला, तर फेरस द्रावणाची नॉर्मलता ०.१ ऐवजी ०.०५ निघाली.

ब्लँकला ५० मिलिलिटर, नमुन्याला ३८. फरक पुन्हा १२, कारण घाण तेवढीच आहे. पण सूत्रात आता ०.०५ बसते : १२ × ०.०५ × ८००० ÷ २० = २४०. मर्यादा २५० ची. तेच पाणी पास. कोणी लबाडी केली नाही, फक्त एका रेणूत दोन क्रोमियम असतात हे विसरले गेले.

चूक पकडणारी पांढरी पूड

अशा चुका पकडण्यासाठी प्रयोगशाळेत ज्ञात सीओडीचे द्रावण तपासून पाहण्याची पद्धत आहे. त्यासाठी वापरतात पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. ही पांढरी पूड विद्यार्थ्यांना वेगळ्या कामासाठी माहीत असते. सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मलता ठरवताना ती आम्ल म्हणून एक हायड्रोजन आयन देते आणि तिचा सममूल्यभार रेणुभाराएवढाच, २०४.२ धरतात.

सीओडीच्या चाचणीत तिचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन आठही कार्बनांचा कार्बन डायऑक्साइड बनतो. थॅलिक आम्लात आठ कार्बन, सहा हायड्रोजन आणि चार ऑक्सिजन असतात; पोटॅशियम लवणात एका हायड्रोजनच्या जागी पोटॅशियम येते, त्याने कार्बनचा हिशेब बदलत नाही. कार्बनचा सरासरी अंक अधिक ०.२५ येतो आणि तो अधिक ४ वर जातो. बदल ३.७५, कार्बन ८, एकूण ३० इलेक्ट्रॉन. सममूल्यभार २०४.२ ÷ ३० = ६.८१. एकाच पुडीचा एका कामासाठी २०४.२ आणि दुसऱ्यासाठी ६.८!

या पुडीच्या ६.८१ मिलिग्रॅमला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्या हिशेबाने ४२५ मिलिग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवली, की द्रावणाची सीओडी ५०० यायला हवी. चुकीचे डायक्रोमेट वापरणाऱ्या प्रयोगशाळेत ती २५० येईल. आकडा नेमका निम्मा आला, की दोष पुडीत नसून कुठेतरी भाजक निम्मा धरला गेला आहे, हे लगेच कळते.

मोल आले, मग सममूल्यभार हवा कशाला?

आंतरराष्ट्रीय पातळीवर आज पदार्थाचे प्रमाण मोलमध्ये आणि द्रावणाची संहती मोलरतेत सांगण्यावर भर आहे. कारणही तेच : मोलरता अभिक्रियेवर अवलंबून नसते. '०.०२ मोलर परमँगनेट' म्हटले, की ते कोणत्याही माध्यमात ०.०२ मोलरच असते. '०.१ नॉर्मल परमँगनेट' हे फक्त आम्लधर्मी माध्यमात ०.१ नॉर्मल असते.

पण मोल वापरले म्हणून इलेक्ट्रॉन मोजणे टळत नाही. सीओडीसाठी लागणारे डायक्रोमेट ०.२५ नॉर्मल म्हणा की ०.०४१६७ मोलर म्हणा, दोहोंमधला दुवा तोच ६ आहे. मोलरतेच्या पद्धतीत तो संतुलित समीकरणातून येतो, नॉर्मलतेच्या पद्धतीत सममूल्यभारातून. म्हणून बाटलीवर नॉर्मलता लिहायची असेल, तर तिच्याशेजारी माध्यम आणि एका रेणूमागचे इलेक्ट्रॉनही लिहावेत : 'डायक्रोमेट, ०.२५ नॉर्मल, आम्लधर्मी माध्यम, ६ इलेक्ट्रॉन'. एवढे वाचले, की ती बाटली पुढे ज्याच्या हाती पडेल त्याला हिशेब पुन्हा पडताळून पाहता येतो.